हैतीची तिजोरी आणि एक घराणे

हुकूमशाही केवळ बंदुकीच्या बळावर टिकते, हा समज अर्धाच खरा आहे. बंदूक धरणाऱ्याचे पोट कोण भरतो, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होय. कॅरिबियन समुद्रातील हैतीवर दुव्हालिए घराण्याने २८ वर्षांहून अधिक काळ जी सत्ता गाजविली, तिचे रहस्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

१९५७ साली निवडून आलेले फ्रान्स्वा दुव्हालिए व्यवसायाने डॉक्टर होते. खेड्यापाड्यांत रोगनिवारणाचे काम केल्यामुळे लोक त्यांना 'पापा डॉक' म्हणत. लष्करावर विश्वास नसल्याने त्यांनी 'तोंतों माकूत' ही स्वतःची फौज उभारली. तिच्यातील बहुतेकांना वेतन नव्हते. रयतेकडून केलेली वसुली हेच त्यांचे वेतन! १९६४ साली दुव्हालिए तहहयात अध्यक्ष झाले. १९७१ साली अध्यक्षपदाची वयोमर्यादा ४० वरून १८ वर आणली गेली आणि त्याच वर्षी बापाच्या मृत्यूनंतर १९ वर्षांचा झाँ-क्लोद गादीवर बसला. प्रजासत्ताकात राजेशाही आली ती अशी, घटनेच्याच वाटेने.

या कारभाराचा आर्थिक कणा म्हणजे तंबाखू व काड्यापेट्यांची सरकारी मक्तेदारी. पुढे तिच्या कक्षेत इतरही नित्योपयोगी वस्तू आल्या. मात्र तिचे उत्पन्न अंदाजपत्रकात दाखविले जात नसे. गरिबाने चूल पेटविण्यासाठी काडी ओढली, तरी त्यातला वाटा बिनहिशेबी तिजोरीत जाई. शेजारच्या क्यूबातील साम्यवादाच्या भीतीने अमेरिकेनेही, मधला काही काळ वगळता, या राजवटीला मदतीचा हात दिला.

१९८० साली झाँ-क्लोदच्या विवाहावर लक्षावधी डॉलर उधळले गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत साथीच्या भीतीने देशातील गावठी डुकरे मारण्यात आली. डुक्कर ही तेथील शेतकऱ्याची अडीनडीची शिल्लक. तीच नाहीशी झाली. १९८५ च्या अखेरीस गोनाईव्ह शहरात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा देश पेटला. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी झाँ-क्लोद फ्रान्सला पळाला. २०११ साली तो मायदेशी परतला आणि खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, २०१४ साली, मरण पावला.

घराणे गेले, पण हिशेब तपासणारी कचेरी, निर्भय न्यायालय आणि प्रश्न विचारणारे विधिमंडळ एका रात्रीत उभे राहत नाही. हैतीची जनता त्या पोकळीची किंमत अजून मोजत आहे. अंदाजपत्रकाबाहेरचा पहिला पैसा खर्ची पडतो, तेव्हाच नागरिकांनी सावध व्हावयास हवे.