ज्येष्ठतेचा क्रमांक आणि रात्रीचे उड्डाण

अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांमध्ये वैमानिकाचे नोकरीतले सारे आयुष्य एका क्रमांकावर उभे असते. रुजू झाल्याच्या तारखेनुसार त्याला ज्येष्ठता यादीत जागा मिळते आणि कोणत्या प्रकारचे विमान चालवायचे, कोणत्या शहरातून ड्यूटी सुरू करायची, सहवैमानिकाच्या खुर्चीतून कॅप्टनच्या खुर्चीत कधी जायचे, नाताळात घरी राहता येईल की नाही, हे सगळे त्या जागेवरून ठरते. दर महिन्याला वैमानिक आपापल्या उड्डाणांची पसंती नोंदवतात, ज्याला ‘बिड’ म्हणतात, आणि यादीत जो वर असेल त्याची पसंती आधी पुरी होते. धंदा बसला की हीच यादी खालच्या टोकाकडून वाचली जाते आणि तळाच्या वैमानिकांवर ‘फर्लो’ची वेळ येते, म्हणजे त्यांचा पगार थांबतो, पण नाव यादीत राहते आणि पुन्हा माणसे लागली की त्यांना ज्येष्ठतेच्याच क्रमाने परत बोलावण्याचे बंधन करारानुसार कंपनीवर असते. भारताच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘शेवटी आलेला आधी जाईल’ हे कामगारकपातीचे तत्त्व आणि फेरभरतीत कमी केलेल्यांना प्राधान्य देण्याची तरतूद या कल्पनेच्या जवळची होती. फर्लोत मात्र नोकरी पूर्ण संपत नाही, ती टांगणीला लागते.

हा क्रमांक एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, हीच या व्यवसायातील सर्वांत कठीण गोष्ट आहे. वीस वर्षे विमान चालवलेला कॅप्टन नव्या कंपनीत गेला तर तेथील यादीच्या तळाशी, पहिल्या वर्षाच्या पगारावर, सहवैमानिक म्हणून सुरुवात करतो. त्याचा अनुभव त्याच्याबरोबर येतो, पण ज्येष्ठता येत नाही. म्हणूनच फर्लोवरील वैमानिक मालवाहू कंपनीच्या नोकरीचा विचार करतो तेव्हा तो दोन पगारांची तुलना करत नसतो, तर एका यादीतील टिकून राहिलेली आशा आणि दुसऱ्या यादीतील आज मिळणारी जागा यांची तुलना करत असतो.

ही वेळ एकदाच आलेली नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर युनायटेड, अमेरिकन, डेल्टा, यूएस एअरवेज आणि नॉर्थवेस्ट यांनी हजारो वैमानिकांना फर्लोवर पाठवले आणि त्यांपैकी अनेकांना परत बोलावणे येण्यास कित्येक वर्षे लागली. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाल्याने वरच्या जागा रिकाम्या होण्याचा वेग मंदावला आणि पाठोपाठ २००८ च्या आर्थिक संकटात यादीच्या तळाशी असलेल्यांवर पुन्हा गदा आली. करोनाकाळात सरकारने कंपन्यांना वेतनासाठी दिलेल्या मदतीची मुदत संपताच १ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे १,६०० वैमानिकांना फर्लोवर धाडले, पण डिसेंबरअखेर मदतीचा दुसरा टप्पा मंजूर झाला आणि त्यांना परत घेण्यात आले. एका पिढीला वाट पाहण्याची किंमत मोजावी लागली, तर दुसऱ्या पिढीत ज्याने घाई केली असेल त्याचे नुकसान झाले, त्यामुळे मागच्या अनुभवावरून पुढचा निर्णय घेणेही सोपे राहिले नाही.

प्रवासी वाहतूक कोसळते तेव्हा मालवाहतूकही कोसळतेच असे नाही, आणि २०२० मध्ये तर याच्या उलट घडले. जगातील हवाई मालापैकी जवळपास निम्मा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो, आणि ती विमाने जमिनीवर उभी राहताच हा माल खास मालवाहू विमानांकडे वळून भाडे आणि वैमानिकांची गरज दोन्ही वाढली. या क्षेत्रात ढोबळमानाने तीन स्तर आहेत. फेडएक्स आणि यूपीएस या कंपन्या ग्राहकाच्या दारातून पार्सल उचलून दुसऱ्या दारात पोचवण्याची साखळी स्वतः चालवतात आणि त्यांचे वेतनमान मोठ्या प्रवासी कंपन्यांच्या तोडीचे असते. ॲटलस एअर किंवा कालिटा एअरसारख्या कंपन्या विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा असे सगळे एकत्र भाड्याने देतात, त्यामुळे त्यांच्या वैमानिकाला सलग दोन-अडीच आठवडे घराबाहेर राहून एका खंडातून दुसऱ्या खंडात जावे लागते. तिसऱ्या स्तरावरील छोट्या कंपन्या सेसना कॅरव्हॅनसारख्या एका इंजिनाच्या विमानातून लहान गावांतील पार्सले मुख्य केंद्रांशी जोडतात.

नोकरी समोर असली तरी ती लगेच पदरात पडत नाही. नव्या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण कित्येक आठवडे चालते, त्याचा खर्च कंपनी करते आणि ज्याच्यावर इतका खर्च केला तो माणूस जुन्या कंपनीचे बोलावणे येताच निघून जाईल ही तिची भीती रास्त असते. त्यामुळे काही कंपन्या जुन्या ज्येष्ठता क्रमांकाचा लेखी राजीनामा मागतात, तर काही ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार करून घेतात. दुसरीकडे वाट पाहणाऱ्यालाही वेळ मोजावी लागते, कारण ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केली नसतील तर प्रवाशांना घेऊन जाण्याची पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते, आणि चाळिशी ओलांडलेल्या कॅप्टनला दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणीतून जावे लागते. मग हिशेब वयाचा होतो. यादीत आपल्या वर असलेले किती जण येत्या दहा वर्षांत ६५ वर्षांचे होतील, हे दोन्ही याद्यांसाठी मोजले जाते आणि त्यावरून आपण कोणत्या वयात कॅप्टन होऊ याचा अंदाज बांधला जातो. तिशीतील वैमानिकाला परवडणारी प्रतीक्षा पन्नाशीतील वैमानिकाला परवडेलच असे नाही.

या हिशेबात जे मावत नाही ते म्हणजे रात्र. फेडएक्सने १७ एप्रिल १९७३ रोजी मेम्फिसहून १४ छोट्या विमानांनिशी काम सुरू केले तेव्हापासून या धंद्याची घडी अशी आहे की संध्याकाळी गोळा झालेली पार्सले रात्री एका केंद्रात आणायची, तेथे गावनिहाय वेगळी करायची आणि सकाळपूर्वी आपापल्या शहरात पोचवायची. यूपीएसचे असे केंद्र केंटकीतील लुईव्हिल येथे आहे. मध्यरात्रीच्या आसपास विमाने एकामागून एक उतरतात, त्यांचे रुंद दरवाजे वर उघडतात आणि विमानाच्या अंतर्गोल भिंतीला जुळेल अशा आकाराचे डबे रुळांवरून ढकलत बाहेर काढले जातात. माल वेगळा होईपर्यंत वैमानिकाच्या हाताशी दोन-तीन तास असतात, आणि केंद्रातील विश्रांतीखोलीच्या अंधारात तो जमेल तेवढी झोप घेतो. उठल्यावर त्याच्या हाती वजनाचा आणि समतोलाचा तक्ता येतो, कोणता डबा कोठे ठेवला आहे यावर विमानाचा गुरुत्वमध्य ठरत असल्याने तो तक्ता डोळे चोळत वाचून चालत नाही. त्याबरोबर धोकादायक मालाची यादी असते, कारण मुख्य डेकवर आग लागल्यास ती विझवण्याची मूळ पद्धत बहुतेक विमानांत अशी आहे की केबिनमधील हवेचा दाब सोडून विमान सुमारे २५,००० फुटांवर ठेवायचे आणि प्राणवायूच्या अभावी आग मंदावण्याची वाट पाहायची. लिथियम बॅटरीच्या आगीपुढे ही पद्धत अपुरी पडू शकते हे ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत कोसळलेल्या यूपीएसच्या बोइंग ७४७ ने दाखवून दिले. त्या अपघातात दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले.

यातील बरेचसे काम पहाटे दोन ते सहा या काळात चालते, जेव्हा शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही सर्वांत खाली गेलेले असतात. असे असूनही प्रवासी वैमानिकाला सलग किमान दहा तासांची विश्रांती देणारा आणि ड्यूटी किती वाजता सुरू होते हे पाहून तिची लांबी ठरवणारा अमेरिकेचा २०१४ पासूनचा नियम केवळ माल वाहणाऱ्या वैमानिकांना बंधनकारक नाही. खर्चाच्या मानाने फायदा कमी, असे कारण विमान वाहतूक प्रशासनाने दिले, यूपीएसच्या वैमानिकांची संघटना न्यायालयात गेली आणि २०१६ मध्ये हरली. त्याआधी १४ ऑगस्ट २०१३ रोजी लुईव्हिलहून निघालेले यूपीएसचे एअरबस ए३०० पहाटे पाचच्या सुमारास बर्मिंगहॅमच्या धावपट्टीअलीकडे कोसळून दोघे वैमानिक दगावले होते. चुकीच्या पद्धतीने सुरू राहिलेले अवतरण हे त्याचे मुख्य कारण ठरले, पण तपासात थकव्याचाही उल्लेख झाला, आणि विमानातील ध्वनिमुद्रणात हे दोघे उड्डाणापूर्वी याच वेगळ्या विश्रांतीनियमांविषयी बोलताना आढळले. झोपेची गरज मागे प्रवासी बसले आहेत की खोकी रचली आहेत यावर ठरत नाही, आणि ज्या घरांवरून ही विमाने जातात त्या घरांसाठीही दोन्ही विमाने सारखीच असतात. म्हणून हा भेद अन्यायाचा आहे आणि तो दूर व्हायला हवा.

मालवाहतूक हा कायमचा आसराही नाही. २००८ मध्ये डीएचएलने अमेरिकेतील देशांतर्गत सेवा बंद करण्याचे जाहीर करताच ओहायोतील विल्मिंग्टनमध्ये हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, २०१० मध्ये यूपीएसनेही वैमानिकांना फर्लोवर पाठवले, आणि २०२३ मध्ये मालाची मागणी उतरली तेव्हा वैमानिक जास्त झालेल्या फेडएक्सने त्यांना एका प्रादेशिक प्रवासी कंपनीतील जागांकडे पाहण्यास सुचवले. तीन वर्षांत वारे पूर्ण उलट दिशेला वाहू लागले. मुंबईत मुख्यालय असलेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली तेव्हा तेथील वैमानिकांसमोर परत बोलावणारी कंपनीच उरली नव्हती, त्यामुळे जुना क्रमांक जपावा की सोडावा हा प्रश्नही त्यांना पडण्याचे कारण नव्हते. म्हणजे ज्येष्ठतेचा क्रमांक कितीही जपला तरी त्याची किंमत कंपनी टिकून आहे तोपर्यंतच असते.

यावरून विचारी वैमानिकासाठी एक क्रम सुचतो. आधी आपले शरीर दिवसा झोपून रात्री काम करू शकते का हे पारखावे, मग दोन्ही याद्यांतील निवृत्तीचा हिशेब मांडावा आणि जुन्या क्रमांकाच्या राजीनाम्यावर सही सर्वांत शेवटी करावी. मालवाहू कंपनीत जायचे तर चार दिवसांचा निवारा म्हणून नव्हे, तर पुढील वीस वर्षांचे काम म्हणून जावे, कारण अर्ध्या मनाने स्वीकारलेली रात्र सर्वांत लवकर थकवते. व्यवस्थेनेही आपला वाटा उचलायला हवा. अनुभवाला नव्या कंपनीत थोडी तरी किंमत मिळाली आणि विश्रांतीचा नियम सर्वांना एक झाला, तर हा निर्णय मंदीच्या भीतीपोटी न होता कामाच्या आवडीने होऊ शकेल.