फोनच्या खाणीत सोने किती?

नागपूरच्या इतवारीतील सराफा बाजार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणाऱ्याला झारेकरी म्हणतात. कण थोडेच मिळतात, पण मेहनत वाया जात नाही. आता कोणी म्हणाले, "मोबाइल रात्रभर चालू ठेव, बिटकॉइन मिळेल," तर? चला, श्रम आणि प्राप्ती यांचा हिशेब मांडू.

बिटकॉइन हे २००९ साली सुरू झालेले, संगणकांच्या जाळ्यावर चालणारे चलन. त्याच्या हिशेबवहीत साधारण दर १० मिनिटांनी एक नवे पान चढते. त्यासाठी एक विशिष्ट संख्या शोधावी लागते. तिला सूत्र नाही. कुलपाला एकामागून एक किल्ल्या लावून पाहाव्यात, तसे प्रयत्न करीत राहायचे. ज्याची किल्ली आधी लागेल त्याला बक्षीस. यालाच 'मायनिंग', म्हणजे खाणकाम, म्हणतात.

समजा, तुमचा फोन सेकंदाला १ कोटी प्रयत्न करतो. २०२४ साली जगातील सर्व यंत्रे मिळून सेकंदाला सुमारे ६ वर २० शून्ये इतके प्रयत्न करीत होती. भागाकार करा. एकट्या फोनला एक बक्षीस मिळण्यास सरासरी ११४ कोटी वर्षे लागतील! सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड ज्या लाव्हारसापासून बनला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

असे का? कारण याच एका कामासाठी बनविलेले यंत्र २ कोटी फोनांइतके काम करते.

अनेकांनी मिळून बक्षीस वाटून घेतले तर? एका बिटकॉइनची किंमत ६० लाख रुपये धरली, तरी तुमच्या वाट्याला वर्षाकाठी दीड पैसा येईल. फोनला ५ वॅट वीज लागते असे धरल्यास वर्षाला सुमारे ४४ युनिटे खर्च होतील.

शिवाय फोनला पंखा नसतो, तो तापतो. २०१७ मध्ये कॅस्परस्कीच्या तज्ज्ञांनी फोनमध्ये चोरून खाणकाम करणारा एक प्रोग्रॅम तपासला. दोनच दिवसांत फोनची बॅटरी फुगली. २०१८ मध्ये गूगल व ॲपल या दोघांनीही फोनवर खाणकाम करणाऱ्या ॲपना मनाई केली.

म्हणून पडद्यावर नुसते आकडे वाढताना दिसले, तर ते खाणकाम समजू नका. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर घरी व शिक्षकांना सांगा.

आता फोनचा वेग १० पट धरून हाच हिशेब वहीत करून पाहा. किती वर्षे येतात?