बाल्कनीतला कुत्रा आणि घंटागाडीचं गाणं

समजा, थेरगावात डांगे चौकाजवळच्या एका इमारतीत सहा वर्षांचा मुलगा राहतो. ऑटिस्टिक आहे, स्वतःहून फारसं बोलत नाही. दुपारी पाहुणे आलेत, चहा झालाय, गप्पा मात्र संपत नाहीत. मुलगा एकदम सकाळच्या घंटागाडीचं गाणं म्हणू लागतो. सूर तोच, स्पीकरची खरखरही तीच. पाहुणे हसतात. "काय हो, अगदी पोपटासारखं बोलतो!"

आता घंटागाडी काय करते ते आठवा. गाडी येते, गलका होतो, जे द्यायचं ते लोक देतात, मग गाडी निघून जाते आणि गल्ली शांत होते. मुलाला कदाचित एवढंच सांगायचं असेल की आता निघा. पाहुण्यांनी हे मनाला लावून घेऊ नये, कारण हा माझा तर्क आहे.

पण याहून अचाट गोष्ट नोंदलेली आहे. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात जागा मिळवून दिली. तीन वर्षांनी त्यांनी अशा मुलांच्या 'असंबद्ध' वाटणाऱ्या बोलण्यावर वेगळा लेख लिहिला. त्यातला पाच वर्षांचा पॉल मध्येच म्हणायचा, कुत्रा बाल्कनीतून टाकू नकोस. आसपास ना कुत्रा, ना बाल्कनी. चौकशी केल्यावर उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या हॉटेलात पॉल खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकत होता आणि तो आणून आणून वैतागलेली आई त्याला हे वाक्य बोलली होती. तेव्हापासून काहीही फेकायचा मोह झाला की पॉल याच वाक्याने स्वतःला आवरत होता. वाक्य मुळीच असंबद्ध नव्हतं. ऐकणाऱ्यांकडे त्याचा संदर्भ नव्हता, एवढंच.

ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. बरीचशी मुलं सुटे शब्द शिकतात आणि ते जोडत वाक्यापर्यंत पोहोचतात. इकोलालियात अख्खं वाक्य त्याच्या चालीसकट आणि त्या क्षणाच्या भावनेसकट एकसंध साठवलं जातं. एके काळी उपचार म्हणजे ही सवय मोडून काढणं, असाच खाक्या होता. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी मात्र चार मुलांच्या बोलण्याचे व्हिडिओ बारकाईने तपासले आणि 1981 मध्ये दाखवून दिलं की लगेच केलेल्या पुनरुक्तीचे सात प्रकार आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांतून मुलं काही ना काही काम साधतात. "पाणी हवंय?" असं विचारल्यावर मूल "पाणी हवंय?" म्हणतं, तेव्हा ते बऱ्याचदा 'हो' असतं.

मराठीत तर याची गंमत आणखी वाढते. आपलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. आईचं वाक्य सबंध उचललं, तर मुलगाही दारात उभा राहून "मी येते हं" म्हणू शकतो. किंवा भूक लागली की "तुला भूक लागली का?" असं विचारतो, कारण भुकेच्या वेळी घरात हेच वाक्य कानावर पडतं.

तपासणीत मात्र असं बोलणं लक्षण म्हणून मोजलं जातं. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये जी भारतीय मोजपट्टी लागू केली, तिच्यात 40 मुद्दे आहेत. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि बेरीज 70 किंवा त्याहून जास्त झाली की ऑटिझम. त्यात इकोलालियाचा एक मुद्दा आहे, 'मला'ऐवजी 'तुला' अशा सर्वनामांच्या अदलाबदलीचा एक. प्रमाणपत्र लागतंच, त्यावर सवलती आणि हक्क अवलंबून असतात. पण पॉलची बाल्कनी अशा पट्टीत कुठे मावणार?

ट्युनिशियात तर आणखी नवल. तिथे घरोघरी बोलीभाषेतली अरबी चालते, तरी काही ऑटिस्टिक मुलं पुस्तकी, प्रमाण अरबी बोलताना आढळली. 2019 मध्ये त्यावर शोधनिबंध आला. ही अरबी त्यांनी टीव्हीवरून उचलली असावी, असा संशोधकांचा कयास आहे. मराठी घरातलं मूल कार्टूनमधल्या इंग्रजीत बोलू लागलं, तर आईवडिलांनी लगेच धास्तावू नये.

उसन्या ओळींचं पुढे काय होतं, हे ओवेन सस्किंडच्या घरात दिसलं. हा अमेरिकन मुलगा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बोलेनासा झाला. डिस्नेचे चित्रपट मात्र पुन्हा पुन्हा पाहायचा. सहा वर्षांचा असताना थोरल्या भावाच्या, वॉल्टरच्या वाढदिवशी तो अचानक म्हणाला, वॉल्टरला मोठं व्हायचं नाहीये, मोगली आणि पीटर पॅनसारखं. त्याच रात्री पत्रकार वडील रॉन यांनी 'अल्लादिन'मधल्या इयागोची बाहुली हातात चढवली आणि पांघरुणाआडून, इयागोच्याच आवाजात ओवेनची विचारपूस केली. मुलाने उत्तर दिलं, खूश नाही, मित्र नाहीत. इयागो म्हणजे पोपट, बरं का! पुढे ओवेन नायकांच्या साथीदारांची, दुय्यम पात्रांची चित्रं काढत सुटला आणि त्यांच्या स्वतःच्या गोष्टी रचू लागला. 2014 मध्ये वडिलांचं पुस्तक आलं, 2016 मध्ये त्यावर माहितीपट.

सगळेच ऑटिस्टिक लोक असं बोलत नाहीत. कुणी बोलतच नाही, टॅबवरच्या चित्रांना बोट लावून सांगतं. कुणी तासभर न थांबता रेल्वेगाड्यांविषयी सांगू शकतं. आणि प्रत्येक ओळीमागे बाल्कनी असतेच असंही नाही. प्रिझंट आणि ड्यूकन यांच्या सातांतही एक प्रकार असा होता, ज्यात काही हेतू असल्याचं दिसत नव्हतं.