कूपन नको, हिशेब द्या!

बर्गर अर्धा खाऊन झाला आणि लक्षात आलं, आतलं चिकन चक्क कच्चं आहे. काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं: 'सर, दुसरा देतो, वर हे कूपन घ्या.' आपणही खूश! पण बॉस, रात्री पोट बिघडलं आणि दोन दिवस ऑफिस बुडालं, तर त्या कूपनचं काय करणार?

पैसे परत मिळणं ही फक्त सुरुवात. डॉक्टरचं बिल, बुडालेला पगार, झालेला मनस्ताप, हे सगळं मागता येतं. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यात तर इजेसाठी १ लाखापर्यंत, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. आकडे ऐकून हुरळू नका. त्रास त्याच खाण्यामुळे झाला, हे दाखवावं लागतं आणि केस बहुतेक वेळा इथेच अडकते. नुसता गुलाबी रंगही पुरेसा नाही. म्हणून कापलेल्या तुकड्याचा फोटो, बिल आणि त्याच दिवशीचा डॉक्टरचा कागद जपून ठेवा. बिलावरचा चौदा आकडी लायसन्स नंबर एफडीएकडे तक्रार करताना उपयोगी पडतो.

मॅनेजर दाद देत नाही? १९१५वर फोन लावा. पुढची पायरी ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही आणि बर्गरच्या बिलाएवढ्या रकमेला फी शून्य. २०१९च्या कायद्यानुसार राहत्या किंवा नोकरीच्या ठिकाणीही केस करता येते. म्हणजे खारघरला राहून ऐरोलीत नोकरी करणाऱ्याला रायगड आणि ठाणे, दोन्ही जिल्हे खुले.