जुन्या संगणकाचे पुनरुज्जीवन



राजापेठेतील आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक कित्येक वर्षे फडक्याखाली झाकून पडला होता. तो भंगारात द्यावा, असे कार्यकारिणीत दोनदा ठरलेही. परंतु न्यायला कोणी आले नाही आणि आम्ही पाठवला नाही. आळसाचेही कधी कधी उपकार होतात, ते असे.

संगणकाशी आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांचे नाते आरंभी भांडणाचे होते. 1960 नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या इलाको हाउसमध्ये आयुर्विमा महामंडळाचा संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. पुढे सरकारने स्वयंचलित यंत्रांच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल 1972 साली आला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 1983 साली करार करून मर्यादित प्रमाणात यंत्रे मान्य केली. भीती होती ती रोजगार जाण्याची, आणि ती खोटी नव्हती. मीही तरुणपणी त्या विरोधाच्या घोषणा दिल्या आहेत. आणि तरीही 1997 साली आमच्याच कचेरीने सभासदांच्या नोंदीसाठी एक वापरलेला 486 जातीचा संगणक विकत घेतला! त्याचा प्रोसेसर इंटेल कंपनीने 1989 साली बाजारात आणलेला.

गेल्या वर्षी एक जुने सभासद कचेरीत आले. वय 58 पूर्ण, म्हणजे पेन्शनचा अर्ज करण्याचे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 प्रमाणे मासिक पेन्शनला किमान 10 वर्षांची पात्र सेवा लागते. त्यांच्याजवळ 8 वर्षांचे कागद होते. त्याआधी 3 वर्षे ते दुसऱ्या एका जिनिंगमध्ये होते; ते बंद पडले आणि तेथला भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक त्यांच्यापाशी उरला नाही. आमच्या नोंदवहीला वाळवी लागलेली. नोंद उरली होती ती फडक्याखालच्या खोक्यातच. तेव्हा मी पुस्तके वाचून आणि दुरुस्तीच्या दुकानात बसून जे शिकलो, ते आज क्रमाने सांगतो.

पहिला नियम असा की, जुना संगणक घाईने सुरू करू नये. बटण दाबून पाहण्याचा मोह फार होतो. त्या एका मोहापायी बरेच काही जळते. प्रथम खोका उघडावा व धूळ काढावी. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात झाडूचे महत्त्व मी वेगळे काय सांगावे? आपल्याकडच्या उन्हाळ्यात धूळ पंख्यात बसते, उष्णता आत कोंडते आणि भाग लवकर थकतात.

त्यानंतर मदरबोर्डवरील बॅटरी पाहावी. त्या काळच्या बहुतेक बोर्डांवर 3.6 व्होल्टची, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियमची बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. संगणक बंद असताना तारीख-वेळ आणि डिस्कची मापे ध्यानात ठेवण्याचे काम तिचे. वर्षानुवर्षे पडून राहिली की तिच्यातून क्षार झिरपतो आणि तांब्याच्या बारीक रेघा खातो. आमच्या बोर्डावर हिरवी बुरशी दिसावी तसा थर आला होता. असा क्षार आम्लाने मारावा लागतो. म्हणून बॅटरी काढून त्या जागी साधे पांढरे व्हिनेगर बारीक ब्रशने लावले, मग स्वच्छ पाण्याने व शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, आणि बोर्ड दोन दिवस सावलीत वाळवला. दोन रेघा तुटल्या होत्या, त्या बारीक तारेने जोडल्या. नवीन बॅटरी म्हणून घड्याळातल्यासारखी चकती जुन्या जागी थेट बसवू नये. जुनी बॅटरी चार्ज होणारी होती, चकती तशी नसते. वीज तिच्यात उलट शिरू नये म्हणून मध्ये डायोड घालावा लागतो.

पॉवर सप्लायच्या बाबतीत जपावे. 230 व्होल्टची वीज आत एकदिश झाली की सुमारे 325 व्होल्ट होते, आणि प्लग काढल्यावरही ती मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहते. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. त्याने तो वेगळा चालवून, दाब मोजून दिला, तेव्हाच आम्ही बोर्डाला जोडला. रॅमच्या पट्ट्यांची टोके मात्र शाळेतल्या खोडरबराने घासली तरी पुरते.

आता डिस्क. संगणक त्या डिस्कवरून सुरूच केला नाही, कारण सुरू होताना तो तिच्यावर काही ना काही लिहितो. ती मधल्या पिढीच्या एका संगणकाला जोडून, तिच्यावर एक अक्षरही न लिहिता, आरंभापासून शेवटापर्यंत तिची जशीच्या तशी नक्कल घेतली. मूळ डिस्क गुंडाळून कपाटात गेली. पुढचे सारे प्रयोग नकलेवर. कागदपत्राची सत्यप्रत काढून मूळ प्रत जपावी, तसेच हे.

सुधारणा मात्र बेताने करावी. तशा अनेक संगणकांना 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर एवढीच डिस्क ओळखता येते. दर सेक्टरला 512 बाइट धरले तर गुणाकार सुमारे 52 कोटी 84 लाख बाइट होतो. त्याहून मोठी डिस्क लावून लाभ नाही. म्हणून आम्ही लहान क्षमतेचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड डिस्कच्या जागी बसवले. त्यात फिरणारे काही नाही, आवाज नाही, उष्णताही कमी. रॅम 8 वरून 16 मेगाबाइट केली. एवढे पुरे. जुन्या यंत्राला नवे करण्याचा हट्ट धरला तर ते जुनेही राहत नाही आणि नवेही होत नाही.

यंत्र सुरू झाले, फाइल उघडली, आणि नवीन संगणकावर ती पाहतो तो काय, सगळी इंग्रजी अक्षरे व चिन्हे! त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळचे बरेचसे मराठी फाँट अक्षराला नव्हे, अक्षराच्या आकाराला क्रमांक देत. काना एक आकार, अर्धा ‘क’ दुसरा; आणि इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार बसवलेला. फाँट गेला की आकार गेला, उरले ते घराचे इंग्रजी नाव. भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली इस्की हे प्रमाण ठरवले आणि त्याच वर्षी युनिकोडही निघाला. या दोन्हींत क्रमांक अक्षराला आहे, म्हणून मजकूर फाँटवर अवलंबून राहत नाही. आमचा जुना फाँट जुन्याच यंत्रात होता. त्यावर नोंदी नीट दिसल्या. आकारांचा तक्ता करून त्या युनिकोडमध्ये उतरवल्या, आणि ओळ न् ओळ जुन्या पडद्याशी ताडून पाहिली. जुने यंत्र जिवंत करण्याची गरज होती ती याच ताडण्यासाठी.

त्या सभासदाचे नाव निघाले, पुढे खातेक्रमांकही. युनियनची नोंद हा काही स्वतःच पुरावा होत नाही. पण त्या क्रमांकावर जुने खाते शोधता आले, आणि 8 वर्षांची 11 वर्षे होऊन अर्ज गेला.

श्रोतेहो, पतपेढीत, शाळेत, ग्रामपंचायतीत असे खोके अजून पडून असतील. त्यांत कोणाची तरी सेवेची वर्षे, कोणाचा दाखला, कोणाच्या हप्त्यांची नोंद असेल. भंगारात देण्यापूर्वी एवढेच करा: बॅटरी काढा, डिस्कची नक्कल घ्या, आणि आत कोणाची नावे आहेत ती वाचा. ज्या यंत्राविरुद्ध आम्ही घोषणा दिल्या, त्याच्याच पोटात आमच्या माणसांचा हिशेब होता. तो बाहेर काढणे हेही युनियनचेच काम, असे मी आता मानतो.