ओखीच्या पावसात चैत्यभूमीकडे

५ डिसेंबर २०१७. ओखी वादळाच्या पावसाने मुंबईतल्या शाळा बंद. आम्ही कल्याणचे भीमसैनिक मात्र संध्याकाळी मोटारसायकलींवर निघालोच. शिळफाटा, मुंब्रा बायपास, ठाणे, सायन. खड्डे पाण्याखाली, बोटे बधिर. रेनकोट कुणाकडे असणार? डिसेंबर ना! बायपासवर एक गाडी घसरली, गुडघ्यावर निभावले.

शिवाजी पार्कात चिखलच चिखल. विदर्भ-मराठवाड्यातून लेकरे घेऊन आलेल्या आयाबाया भिजत उभ्या. निवाऱ्यासाठी नंतर शाळा उघडल्या, हे मान्य. पण महापरिनिर्वाण दिनाची तारीख १९५६ पासून ठरलेली आहे! लाखोंसाठी पक्का निवारा मागणे म्हणजे भीक नव्हे, हक्क आहे.

डिकीतले दोन कोरडे टॉवेल एका मातेच्या हाती देऊन आम्ही रांगेत उभे राहिलो.