हायड्रेंजिया: कोकणात माती, देशावर थंडी

निळ्या फुलांचा हायड्रेंजिया आणला आणि पुढच्या बहराला तो गुलाबी फुलला, की पहिला संशय नर्सरीवाल्यावर जातो. एरवी त्याचं काही चुकत असेल, इथे तो निर्दोष आहे. आपल्याकडे कुंडीत मिळणाऱ्या हायड्रेंजिया मॅक्रोफिला या जपानी जातीत फुलाचा रंग झाडाइतकाच मातीवर ठरतो. निळ्या आणि गुलाबी फुलातलं रंगद्रव्य एकच असतं. त्याला ॲल्युमिनियमची जोड मिळाली की ते निळं दिसतं, नाही मिळाली की गुलाबी. ॲल्युमिनियम तर बहुतेक मातीत असतंच, पण माती आम्ल असेल तरच ते विरघळतं आणि मुळांना उचलता येतं. मातीचा सामू (pH) साधारण ५.५ च्या खाली असेल तर फुलं निळी, ६.५ च्या वर असेल तर गुलाबी. मधल्या पट्ट्यात जांभळट रंग येतो, आणि कधी एकाच झाडावर दोन रंगांचे गुच्छ दिसतात. पांढऱ्या फुलांच्या वाणाला यातलं काहीच लागू नाही. तो कुठल्याही मातीत पांढराच फुलतो. जुन्या फुलांवर गुलाबी किंवा हिरवट झाक आली, तर ते फुलाचं वय झालं म्हणून.

मग निळ्या रंगासाठी कुंडीत गंजके खिळे पुरणारे लोक येतात. खिळ्यात लोखंड असतं, ॲल्युमिनियम नाही. गंज पाण्यात विरघळतही नाही, त्यामुळे असले खिळे वर्षानुवर्षं कुंडीत पडून राहतात आणि माती बदलताना बोटाला लागतात, एवढाच त्यांचा परिणाम. कॉफीचा किंवा चहाचा चोथाही मातीला फारसं आम्ल करत नाही. तुरटी मात्र खरोखर कामाची आहे, कारण तिच्यात ॲल्युमिनियम असतं. चार-पाच लिटर पाण्यात लहान चमचाभर तुरटीची पूड विरघळवून, आधी साध्या पाण्याने भिजवलेल्या मातीत, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घालावी. कळ्या दिसायच्या आधीपासून सुरुवात हवी. उमललेलं फूल त्याने निळं होत नाही. जास्त घातली तर मुळं जळतात. आणि एकीकडे तुरटी, दुसरीकडे मूठमूठ डीएपी किंवा बोनमील असा प्रकार चालत नाही, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला मातीतच बांधून ठेवतो.

पुण्या-नाशिकच्या काळ्या मातीत तुरटीचाही फार उपयोग होत नाही. त्या मातीत चुनखडी असते, बोअरचं पाणी जड असतं, आणि दोन्ही मिळून आम्लता टिकू देत नाहीत. याच कारणाने पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता; मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. अशा वेळी लोक आणखी खत घालतात आणि गोंधळ वाढतो. जमिनीत लावण्याचा हट्ट सोडून मोठी कुंडी घ्यावी. तांबडी माती, कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा यांचं मिश्रण भरावं, आणि जमेल तेवढं साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं. नाहीतर गुलाबी फुलं आनंदाने स्वीकारावीत. मला स्वतःला निळ्याचा एवढा सोस कळत नाही.

कोकण-गोव्यातल्या बागवाल्यांना वाटतं, आपली जांभ्याची माती आम्ल, पाऊस भरपूर, म्हणजे हायड्रेंजिया इथलाच. मातीपुरतं हे बरोबर आहे. अडचण रात्रीच्या उष्म्याची आहे. मॅक्रोफिलाच्या फांदीच्या टोकाला फुलाची कळी धरायची तर रात्रीचं तापमान सहा-आठ आठवडे साधारण १८ अंशांच्या खाली राहावं लागतं. मुंबईत किंवा किनाऱ्यावर इतका सलग गारवा मिळणं कठीण. झाड जगतं, पानं तजेलदार दिसतात, पण फुलायचं नाव नाही. ‘माझं झाड नर आहे का?’ असंही मग कोणी विचारतं. नाही; ते फक्त थंडीची वाट पाहत असतं. देशावर डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ अंशांवर येतो, तिथे गारवा पुरेसा होतो, पण माती उलटी. दोन्ही एकत्र मिळतात ती महाबळेश्वर-पाचगणीला, आणि राज्याबाहेर उटी, मुन्नार, दार्जिलिंगला. म्हणून तिथली झुडपं पाहून हरखून जाऊन रोप गाडीत घालण्याआधी आपण राहतो कुठे हे आठवावं. कुंडीतली माती बदलता येते, रात्र बदलता येत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने फुललेली कुंडी आणून महिनाभर शोभा पाहावी, त्यापुढची आशा धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थंडी मिळूनही झाड फुलत नसेल, तर बहुधा कात्रीचा दोष. हिवाळ्यात झाड विस्कटलेलं दिसायला लागलं की आपण ते खाली छाटतो, आणि त्याच टोकांवर धरलेल्या कळ्या कचऱ्यात जातात. मॅक्रोफिला गेल्या हंगामातल्या फांदीवर फुलतो. त्यामुळे छाटायचं ते फुलं सुकली की लगेच, सुकलेल्या गुच्छाखालच्या भरदार डोळ्यांच्या जोडीच्या वर. दसऱ्यानंतर कात्री लावूच नये. परदेशी व्हिडिओत ‘जमिनीपासून हातभर ठेवून सगळं छाटा’ असं सांगतात, तेही खोटं नसतं. पण ते पॅनिक्युलाटा किंवा आर्बोरेसेन्स या वेगळ्या जातींबद्दल असतं. ‘लाइमलाइट’, ‘अ‍ॅनाबेल’ ही त्यांतलीच नावं. त्या नव्या फुटीवर फुलतात. ‘एंडलेस समर’सारखे मॅक्रोफिलाचे काही वाण जुन्या आणि नव्या, दोन्ही फांद्यांवर फुलतात. रोप घेताना रंग विचारण्यापेक्षा जात विचारलेली बरी.

सावलीत लावायचं झाड म्हणून त्याला जिन्याखाली ठेवू नये. सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन आणि पुढे सावली, असं त्याला मानवतं. देशावरचं दुपारचं ऊन पानं भाजून काढतं. पाणी त्याला आवडतं याचा अर्थ कुंडीखालची थाळी कायम भरलेली हवी असा नाही, त्याने मुळं कुजतात. दुपारी पानं माना टाकतात ती बऱ्याचदा उन्हाने, कारण रुंद पानांतून पाणी मुळं पुरवतात त्याहून वेगाने उडून जातं. बोटभर खोल माती ओली लागली तर संध्याकाळपर्यंत थांबावं, झाड आपोआप सावरतं. संध्याकाळीही पडलेलंच राहिलं आणि माती कोरडी असेल, तर भरपूर पाणी द्यावं.

ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या गुच्छातल्या बहुतेक फुलांच्या निदलपाकळ्या असतात. खरं फूल मध्ये टाचणीच्या डोक्याएवढं. म्हणून हा गुच्छ आठवडेच्या आठवडे टिकतो. शोभेसाठी तो केकवर मात्र मांडू नये. झाडात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. माणसाला सहसा पोटदुखीवर भागतं, पण कुत्र्या-मांजरांपासून आणि शेळ्यांपासून कुंडी लांब ठेवावी.

शेजाऱ्याच्या झाडाची छाट फांदी पावसाळ्यात सहज लागते. न फुललेली, दोन-तीन पेरांची वीतभर फांदी पेराच्या खाली कापावी, मोठी पानं निम्मी करावीत, वाळू-कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवावी. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. त्याची फुलं निळी आणि आपली गुलाबी आली, तर त्याच्याशी भांडायला जाऊ नये. तुरटी आणि कुंडीतली माती आधी तपासावी.